जिवंत मुळांचे पूल : वनस्पती, गाव आणि वारसा

प्रस्तावना

पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पलीकडचे शेत, शाळा आणि बाजार एकाच वेळी दूर जातात. हिंगोली-वाशिम मार्गावरील कनेरगाव नाका परिसराला आणि एकूणच पैनगंगेच्या खोऱ्यातील गावांना हा अनुभव नवा नाही. मात्र येथील वार्षिक पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि बहुतेक ओढे वर्षातील बराच काळ कोरडे असतात. त्यामुळे पाणी ओसरेपर्यंत थांबणे हा एक मार्ग माणसाजवळ उरतो. मेघालयाच्या दक्षिण उतारावर तो उरत नाही. सोहरा, म्हणजेच चेरापुंजी, आणि मावसिनराम येथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत सोहरा येथे नोंदला गेलेला २६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस हा आजही जागतिक उच्चांक मानला जातो. पठाराच्या कड्यावरून हे पाणी खोल, अरुंद दऱ्यांमध्ये कोसळते आणि तेथून आजच्या बांगलादेशाच्या सपाटीवर उतरते. अशा दऱ्यांच्या उतारावर वसलेल्या खासी आणि जैंतिया समाजाने ओढे ओलांडण्यासाठी झाडांच्या जिवंत मुळांपासून पूल वाढविण्याची पद्धत विकसित केली. खासी भाषेत या पुलाला ‘जिंगकिएंग ज्री’ असे म्हणतात. ‘जिंगकिएंग’ म्हणजे पूल आणि ‘ज्री’ म्हणजे रबराचे झाड.

या पुलांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा प्रवासवर्णनाच्या अंगाने, आणि त्यात ‘निसर्गाचा चमत्कार’ हे शब्द हमखास येतात. ते योग्य नाहीत. मुळे आपण होऊन ओढ्यावर आडवी पसरत नाहीत आणि पसरली तरी त्यांचा पूल होत नाही. हे पूल म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या केलेले सार्वजनिक बांधकाम आहे. त्याला चमत्कार म्हटले की त्यामागील श्रम, ज्ञान आणि व्यवस्था दृष्टिआड होतात, आणि पुढे संवर्धनाचा प्रश्न येतो तेव्हा नेमके काय जपायचे याचाही गोंधळ उडतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने मूळ-पुलांची घडण आणि त्यांची आजची स्थिती यांचे विवेचन केले आहे.

पारंबीचे खोड कसे होते

या पुलांसाठी वापरले जाणारे झाड म्हणजे फायकस इलास्टिका. मराठी घरांच्या गच्चीत किंवा कार्यालयांच्या प्रवेशद्वाराशी कुंडीत दिसणारा जाड, तकतकीत पानांचा ‘रबर प्लँट’ तो हाच. वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच प्रजातीतील हा वृक्ष असून मोकळ्या जागी तो वडासारखाच विशाल होतो. एकोणिसाव्या शतकात ‘आसाम रबर’ या नावाने जे रबर बाजारात येत असे ते याच झाडाच्या चिकापासून. पुढे ब्राझीलच्या हेविया वृक्षाने त्याची जागा घेतली आणि व्यापाराच्या दृष्टीने हे झाड मागे पडले.

या वृक्षाला फांद्यांपासून आणि खोडापासून आगंतुक मुळे फुटतात. वडाच्या बाबतीत त्यांना पारंब्या म्हणतात. हवेत लोंबणारी पारंबी बारीक आणि लवचीक असते, तिचे काम मर्यादित असते. ती जमिनीत रुजली की तिचे स्वरूप बदलते. पाणी व क्षार शोषले जाऊ लागतात, कँबियम या वर्धनशील पेशींच्या थरातून वर्षानुवर्षे नवे काष्ठ तयार होते आणि दोरीसारखे मूळ खांबासारखे जाड होत जाते. हावड्याजवळील शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाचे मुख्य खोड बुरशीच्या प्रादुर्भावामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले. तो वृक्ष आजही उभा आहे तो अशा हजारो स्तंभमुळांच्या आधारावर. गावठाणातल्या वडाची पारंबी मात्र जमिनीपर्यंत क्वचितच पोचते, कारण गुरे तिचे शेंडे खातात आणि पोरे झोके घेऊन ते तोडतात.

दुसरा गुणधर्म अधिक महत्त्वाचा आहे. या झाडाची दोन मुळे एकमेकांना घट्ट चिकटून वाढली की दाबाने मधली साल निघते, दोन्हींचे कँबियम एकत्र येतात आणि मुळे सांधली जातात. कोकणातल्या बागायतदाराला हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण आंब्याच्या भेटकलमात हेच घडवून आणले जाते. मुळांच्या गाठी मारल्या, त्यांची वीण घातली, तर काही वर्षांत त्या विणीचा एकजीव सांगाडा बनतो. एका मुळावर आलेला भार मग शेजारच्या अनेक मुळांत वाटला जातो आणि एखादे मूळ कुजले तरी पूल कोसळत नाही.

मूळ खडकाच्या फटीत शिरून दगडाला धरून ठेवते, हा तिसरा गुण. सोहराच्या दऱ्यांतील काठ खडकाळ व तीव्र उताराचे आहेत. तेथे झाडाला मातीपेक्षा खडकाची पकड अधिक मिळते. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या तटबंदीत उगवलेला पिंपळ चिरे उचकटून टाकतो, म्हणून दुर्गसंवर्धकांना तो शत्रू वाटतो. मेघालयात तेच सामर्थ्य काठ बांधून ठेवण्यासाठी वापरले गेले आहे.

बांधणीची रीत

पुलाची जागा प्रथम ठरते ती पायवाटेवरून. जेथे वाट ओढ्याला येऊन मिळते आणि दोन्ही काठ पुराच्या रेषेच्या वर आहेत, अशा ठिकाणी एका किंवा दोन्ही काठांवर ज्रीचे रोप लावले जाते. कधी आधीच वाढलेल्या झाडाचा उपयोग केला जातो. रोप लावल्यास पुरेशी लांब हवाई मुळे मिळण्यास दशकभर वाट पाहावी लागते. नंतर ओढ्यावर बांबूचा मांडव घालून त्यावरून कोवळी मुळे पलीकडे नेली जातात. काही ठिकाणी सुपारीच्या झाडाचे खोड उभे चिरून, आतला गाभा काढून त्याची पन्हळ केली जाते. ही पन्हळ ओढ्यावर आडवी टाकून तिच्यातून मुळे पुढे सरकवतात. पन्हळीतील ओलावा मुळांच्या शेंड्यांना सुकू देत नाही आणि त्यांना दिशाही देतो. पलीकडच्या काठाला पोचलेले मूळ मातीत किंवा खडकाच्या फटीत रुजविले जाते.

येथून खरे काम सुरू होते. अतिवृष्टीच्या प्रदेशात बांबू काही वर्षांतच कुजतो, म्हणून मांडव पुन्हा पुन्हा नवा घालावा लागतो. रुजलेल्या मुळांना नवी मुळे फुटतात. त्यांतील काही मूळ गुंफणीत विणली जातात, काही वर ओढून कठडे केले जातात, तर काही वरच्या फांद्यांना बांधून आधार घेतला जातो. चालण्याच्या पट्ट्यातील भोकांमध्ये दगड, लाकडाचे तुकडे आणि माती भरली जाते. पालापाचोळा कुजून त्यात भर पडते आणि त्या मातीत पुन्हा बारीक मुळे शिरून दगड पक्के करतात. वाटसरू जाता-येता एखादे मोकळे मूळ गाठीत अडकवून पुढे जातो. या कामाचा कंत्राटदार नसतो आणि पूर्णत्वाचा दाखलाही नसतो.

पूल वापरण्याजोगा होण्यास साधारणतः पंधरा ते तीस वर्षे लागतात. चाळिशीतील माणसाने लावलेल्या झाडावरून त्याला साठीनंतर चालायला मिळाले तर मिळाले. त्यानंतर मात्र लोखंडी किंवा लाकडी पुलाच्या नेमके उलटे घडते. तो पूल उद्‌घाटनाच्या दिवशी सर्वांत मजबूत असतो आणि मग झिजत जातो. मुळांचा पूल वापरात असताना जाड होत जातो, आणि झाड निरोगी असेल व देखभाल चालू असेल तर शतकाहून अधिक काळ टिकतो. पिनुर्सला भागातील रांगथिलियांग येथील पुलाची लांबी ५० मीटरहून अधिक आहे. सोहराखालील नोंगरियात येथे एकावर एक असे दोन मजले असलेला पूल आहे. मोठ्या पुरात खालचा मजला पाण्याखाली जाऊ लागल्याने त्याच झाडाच्या मुळांचा वरचा मजला केला गेला, असे स्थानिक लोक सांगतात.

या पुलांचे लिखित वर्णन करणारा पहिल्या काही निरीक्षकांपैकी एक होता बंगाल इंजिनिअर्स दलातील अधिकारी हेन्री यूल. पुढे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाचा कर्ता म्हणून गाजलेला यूल तेव्हा डोंगरातील कोळसा सपाटीवर नेण्याच्या सोयीच्या कामासाठी या भागात आला होता. १८४४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने खासी डोंगर आणि तेथील लोक यांविषयी जे लिहिले त्यात या पुलांचा उल्लेख आहे. वाहतुकीची सोय शोधत आलेल्या अभियंत्याला तेथे वाहतुकीची सोय आधीच झालेली दिसली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

त्यानंतर अभियांत्रिकीने या पुलांकडे गांभीर्याने पाहण्यास दीड शतकाहून अधिक काळ लोटला. म्युनिक व फ्रायबर्ग येथील विद्यापीठांतील अभ्यासकांचा सहभाग असलेल्या एका गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ७४ पुलांची माहिती संकलित करण्यात आली. हजारो छायाचित्रांवरून पुलांच्या त्रिमितीय प्रतिमाही तयार करण्यात आल्या. अशा प्रतिमांची गरज का पडते हे समजण्यासारखे आहे. पोलादी तुळईचा छेद आणि ताकद ठरलेली असते. येथे प्रत्येक मुळाची जाडी, वय आणि सांधा वेगळा असतो आणि पुढील वर्षी तो पुन्हा बदललेला असतो. म्हणूनच ‘पन्नास माणसांचा भार सहज पेलतो’ यासारखी विधाने वर्णन म्हणून ठीक असली, तरी कोणत्याही पुलाची क्षमता म्हणून ती वापरता येणार नाहीत.

गाव, जमीन आणि प्रतीक्षा

तीस वर्षांनी उपयोगी पडणारे काम आज हाती घेणे हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न नाही. जमीन कोणाची, झाड कोणाचे, श्रम कोणी द्यायचे आणि काम मधेच सुटले तर जबाबदार कोण, हे ठरलेले असल्याशिवाय असे काम उभे राहत नाही. खासी समाजात कुळाच्या किंवा कुटुंबाच्या मालकीची जमीन ‘री किन्ती’ आणि समूहाची जमीन ‘री राइड’ असा भेद केला जातो. गावाचा कारभार ‘दोरबार श्नोंग’ ही ग्रामसभा पाहते. वंश आणि वारसा आईकडून चालतात आणि वडिलोपार्जित घर बहुधा धाकट्या मुलीकडे राहते. कुटुंबाचे मूळ ठिकाण त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावी स्थिर राहते. केवळ याच कारणाने पूल टिकले असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि दीर्घ प्रतीक्षेला स्थिर वस्ती आणि निर्णय घेणारी ग्रामसंस्था पोषक ठरते, हे मान्य करावे लागते. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीनुसार येथे स्वायत्त जिल्हा परिषदा असल्याने पारंपरिक संस्थांना आजही काही अवकाश आहे.

आर्थिक कारणही तितकेच ठोस होते. दक्षिण उतारावरील ‘वार’ प्रदेशात सुपारी, विड्याची पाने, संत्री, तमालपत्र आणि मध यांचे उत्पादन होते आणि हा माल डोक्या-पाठीवरून सिल्हेटकडील सपाटीच्या बाजारांत जात असे. सुपारीच्या बागा ओढ्याच्या दोन्ही बाजूंना. पूल नसेल तर पावसाळ्यात बागेत जाणे बंद आणि उत्पन्नही बंद. १९४७ च्या फाळणीने या बाजाराच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा आली. पुढे डोंगरमाथ्यावर रस्ते झाले, व्यापाराची दिशा शिलाँगकडे वळली आणि दरीतील कित्येक पायवाटांचे महत्त्व घटले. ज्या वाटेवर वर्दळ उरली नाही त्या वाटेवरील पुलाची मोकळी मुळे कोण गुंफणार?

इतर देशांतील उदाहरणे येथे उद्‌बोधक ठरतात. पेरूमधील केस्वाचाका हा गवताच्या दोरांचा पूल आसपासचे समाज दरवर्षी नव्याने विणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून समावेश केला, म्हणजे मान्यता मिळाली ती विणण्याच्या ज्ञानाला आणि विधीला. २०२० मध्ये महामारीमुळे विणकाम झाले नाही, मार्च २०२१ मध्ये पूल तुटला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो पुन्हा विणला गेला. जपानमधील इया खोऱ्यातील वेलींचा पूल दर तीन वर्षांनी नवा केला जातो. कोकणातील वहाळावरचा जुना लाकडी साकवही याच जातीचा. पावसाळ्यापूर्वी वाडीने एकत्र येऊन तो बांधायचा किंवा डागडुजी करायची, ही रीत होती. पुढे साकव हा जिल्हा नियोजनातील निधीचा विषय झाला, लोखंड व काँक्रीटचे साकव आले आणि सोय निश्चितच वाढली. डागडुजीची वाट मात्र वाडीऐवजी कार्यालयाकडे पाहू लागली. मेघालयातील पूल या सर्वांहून एका अर्थाने अधिक असुरक्षित आहे. गवताचा पूल तुटला तर काही दिवसांत नवा विणता येतो, मुळांचा पूल गेला तर एक पिढी जाते.

नव्या वाटा, जुने पूल

नोंगरियातला जाणाऱ्या प्रवाशाला तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात आणि मुळांच्या पुलापर्यंत पोचण्याआधी पोलादी तारांचे झुलते पूल ओलांडावे लागतात. गावकऱ्यांनी तारेचे पूल स्वीकारले यात नवल नाही, ते लवकर होतात आणि आजारी माणसाला तीस वर्षे थांबता येत नाही. परंपरेच्या नावाखाली दरीतील गावांनी गैरसोयीत राहावे, अशी अपेक्षा शहरातील वारसाप्रेमींनी ठेवणे अन्यायाचे आहे.

पर्यटनाचा परिणाम दुहेरी आहे. रिवाई येथील पूल ज्याच्या शेजारी आहे त्या मावलिन्नोंगला २००३ मध्ये एका नियतकालिकाने आशियातील सर्वांत स्वच्छ गाव म्हणून गौरविले आणि तेव्हापासून पर्यटकांचा ओघ वाढत गेला. प्रवेशशुल्क, निवासव्यवस्था आणि वाटाड्यांचे काम यांतून गावांना उत्पन्न मिळते, आणि ज्या पुलाचे दैनंदिन प्रयोजन संपत आले होते त्याची निगा राखण्याला नवे कारण मिळते. दुसरीकडे, डोक्यावर सुपारीचे ओझे घेऊन एकामागून एक जाणारी माणसे वेगळी आणि छायाचित्रासाठी पुलाच्या मध्यावर घोळका करून थांबणारी माणसे वेगळी. सततच्या पायदळीने माती घट्ट होते, बारीक मुळे चिरडली जातात, काही जण सालीवर नावे कोरतात. जखम झालेल्या सालीतून बुरशी शिरते आणि पुलाच्या बाबतीत झाडाचा आजार हाच बांधकामाचा दोष ठरतो. गर्दीचा भार पुलाला काय करतो हे महाराष्ट्राने १५ जून २०२५ रोजी पाहिले. पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. साहित्य वेगळे असले तरी प्रश्न एकच आहे : पूल किती माणसांसाठी आहे हे ठरविणारा आणि त्याहून अधिक माणसांना अडविणारा कोणी तेथे उभा असतो काय?

‘जिंगकिएंग ज्री : जिवंत मूळ-पुलांचे सांस्कृतिक भूदृश्य’ या नावाने या पुलांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत समावेश झाला. सत्तरहून अधिक गावांशी हा वारसा निगडित आहे. ‘भूदृश्य’ हा शब्द येथे योग्य निवडला गेला, कारण त्यात पुलाबरोबर वाट, बाग, वन आणि गाव येतात. प्रश्न अंमलबजावणीत येतो. वास्तूच्या संवर्धनाचा रूढ नियम ‘आहे तसे ठेवा, हात लावू नका’ असा असतो. मुळांच्या पुलाला तो लावला तर पूल मरेल. त्याला दरवर्षी हात लावावा लागतो, जुने मूळ कापून नवे गुंफावे लागते, आणि त्यामुळे तो दरवर्षी थोडा निराळा होतो. मूळ रूप जपणे याचा येथे काही अर्थच राहत नाही. रांगथिलियांग परिसरातील तरुण मॉर्निंगस्टार खोंगथॉ यांनी स्थापन केलेली ‘लिव्हिंग ब्रिज फाउंडेशन’ ही संस्था जुन्या पुलांची देखभाल आणि नव्या पुलांची लावण अशी दोन्ही कामे करते. नवी लावण हे यातील अधिक महत्त्वाचे काम म्हणावे लागेल, कारण ज्ञान त्यातूनच पुढच्या हातांत जाते.

पैनगंगेच्या काठावरून पाहताना

असा पूल मराठवाड्यात वाढविता येईल का, हा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. हवाई मुळाच्या शेंड्याला सतत दमट हवा लागते, आणि येथे पावसाळ्याचे चार महिने सोडले तर शेंडा उन्हाने वाळतो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात काठाचा आधार स्थिर राहत नाही. पैनगंगेचे पात्र रुंद आणि काठ मातीचे, सोहराच्या दरीसारखी खडकाची अरुंद खिंड येथे नाही. शिवाय या भागाची गरजही बैलगाडी, ट्रॅक्टर आणि रुग्णवाहिका यांची आहे, पायवाटेच्या पुलाने ती भागणार नाही.

मात्र मुळांनी काठ बांधून ठेवण्याचे तत्त्व येथेही लागू पडते. उंबर, करंज, जांभूळ, बांबू आणि वाळा या वनस्पती ओढ्याकाठची माती धरून ठेवतात, हे जुन्या शेतकऱ्याला ठाऊक असते. काठ मोकळे झाले की पुराचे पाणी नळकांडी पुलाच्या बाजूची भराव-माती पोखरते आणि पूल शाबूत राहून रस्ता वाहून जातो, हे दृश्य दर पावसाळ्यात कोठे ना कोठे दिसते. ओढ्याकाठची कोणती झाडे कोणाच्या हद्दीत आहेत, त्यांना कोण तोडते आणि कोण राखते, याची नोंद करण्याचे साधन उपलब्ध आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायत स्तरावरील व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित असते. बऱ्याच ठिकाणी ती प्रजातींच्या यादीपुरती उरते. वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धांना बरोबर घेऊन ओढ्याच्या उगमापासून संगमापर्यंत एकदा चालत जावे. प्रत्येक उताराच्या ठिकाणी काठावर कोणते झाड आहे, ते कोणी लावले आणि पूर्वी तेथून पलीकडे कसे जात असत, एवढे तीन रकाने त्या नोंदवहीत वाढविले तरी चालण्यासारखे आहे.